हिरड्याची चिमूट

पुण्याच्या पाण्यात लाल रंग चढत नाही, असं मी वर्षभर लोकांना सांगत होते. लग्नात, मुंजीत, भाजी घेताना, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींच्या भिशीत. कुणी विचारलं नसलं तरी सांगत होते. आणि त्याला जोडूनच पुढचं वाक्य असायचं, की म्हणून आम्ही भुजला राहायला जायचा विचार करतोय. यातलं ‘आम्ही’ उगाच होतं. विचार मी एकटीच करत होते, नवऱ्याला फक्त कळवलं होतं.

आता भुजचा बेत राहिला नाही. लोक विचारतात, तेव्हा ‘सासूबाईंचं वय झालं’, ‘उन्हाळा सोसत नाही’ अशी उत्तरं देऊन वेळ मारून नेते. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोन्ही कारणं नव्हेत. कारण लिहायला बसले, तर त्या पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागते.

२०२१ साली बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा कर्जविभागात. घरी बसल्यावर दोन महिन्यांत लक्षात आलं की, आपल्याला कुठलाच छंद नाही. मग एका शनिवार-रविवारच्या वर्गाला जाऊन ठसेछपाई शिकले. सागवानी ठसा, तयार रंगाचा डबा, सुती रुमाल. सोपं होतं, छान दिसत होतं, आणि सहा महिन्यांत कंटाळा आला. नातेवाइकांत आता कुणाला रुमालांची गरज उरली नव्हती. त्या वर्गातल्याच एकीनं अजरखचा, म्हणजे कच्छच्या ठसेछपाईचा, एक जुना तुकडा दाखवला. निळा, लाल, काळा, मधे बारीक पांढऱ्या रेघा, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच छापलेला. उलटी बाजू कुठली, हे मला ओळखता येईना. कर्जाच्या कागदांत उलटी बाजू शोधण्यातच माझी नोकरी गेली होती, म्हणून असेल, पण त्या तुकड्यानं मला धरलं.

२०२२च्या फेब्रुवारीत मी अजरखपूरला गेले. पुण्याहून भुजला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. भुजपासून पूर्वेला पंधरा किलोमीटरच्या आत हे गाव आहे. मनात चित्र होतं ते शेकडो वर्षं जुन्या गावाचं : अरुंद बोळ, नक्षीदार दारं, नदीकाठी कपडे धुणारी माणसं. प्रत्यक्षात सरळ रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंटची घरं, पत्र्याच्या शेड आणि पाण्याचे हौद. गावाचं वय माझ्या मुलापेक्षा कमी निघालं.

ही गोष्ट मला ज्या घरात मी शिकले तिथल्या भाईंनी सांगितली. तिथल्या लहान पोरांनाही ती पाठ आहे. अजरख छापणारे खत्री लोक सिंधमधून कच्छमध्ये आले, तिथल्या तेव्हाच्या राजांच्या, म्हणजे रावांच्या, बोलावण्यावरून, आणि जागा निवडताना त्यांनी पाणी पाहिलं. धमडका गाव वसलं ते सारण नदीच्या वाहत्या पाण्यासाठी. अजरखचं कापड एका थाळीत भिजवून होत नाही. ते पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, मधेच वाळवावं लागतं, परत धुवावं लागतं. नदी होती तोवर माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून कापड दगडावर आपटायची आणि सैल रंग पाण्याबरोबर निघून जायचा. १९८०च्या दशकाच्या शेवटी नदी आटली. मग विहिरी, मग बोअर, मग आणखी खोल बोअर. आणि २६ जानेवारी २००१ला, सकाळी पावणेनऊला, शाळांमध्ये झेंडावंदन चाललेलं असताना भूकंप झाला. धमडका जवळजवळ सगळं पडलं. वाचलेल्यांनी घरं उभी करायला घेतली, हौद पुन्हा बांधले, कापड टाकलं, आणि रंग बिघडले. जमिनीखालचं पाणी बदललं होतं. त्यात लोखंड वाढलं होतं.

लोखंडानं काय होतं, हे आपल्याकडे चहा करणाऱ्या कुणालाही कळेल. बोअरच्या पाण्यातला चहा काळपट होतो ना, तसंच. हिरड्यात जो तुरटपणा असतो त्याची आणि लोखंडाची गाठ पडली की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे ती याच गुणावर. अजरखचं कापड ठसे मारण्याआधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, त्याला तिथे ‘कसाणू’ म्हणतात. त्यावर चुना आणि डिंकाचा ठसा मारतात, म्हणजे तेवढी रेघ पांढरी राहते. मग काळ्यासाठी लोखंडाचा ठसा, लालसाठी तुरटीचा, मग निळीत बुचकळणं, मग मंजिष्ठेत नाही तर अॅलिझरीनमध्ये उकळणं. (अॅलिझरीन म्हणजे मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतलंच रंगद्रव्य. ते १८६८ साली जर्मनीत प्रयोगशाळेत बनवण्यात आलं. अजरखपुरात ते सर्रास वापरतात आणि लपवत नाहीत. ‘शंभर टक्के नैसर्गिक’चा सोस आम्हा शहरातल्या लोकांना.) आता एवढ्या सगळ्या प्रवासात पाण्यातच लोखंड असेल, तर जिथे पांढरं राहायला हवं तिथे करडं येतं, आणि जिथे लाल उठायला हवं तिथे विटकरी-तपकिरी.

गंमत अशी की, काळा रंग ते मुद्दाम गंजापासूनच करतात. भंगार लोखंड, घोड्याचे नाल, गूळ आणि पाणी घालून पिंपात दोन-तीन आठवडे आंबवायचं, वर फेस धरला की गाळून त्यात चिंचोक्याचं पीठ शिजवायचं. त्याचं नावच ‘काट’, म्हणजे गुजरातीत गंज. ठशावर आला तर रंग, पाण्यात आला तर घात.

तर धमडकातल्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी नवी जागा शोधली. जमीन पाहिली, पण त्याआधी तिथलं पाणी पाहिलं. तिथे वसलं ते अजरखपूर. सगळे आले नाहीत. धमडका पुन्हा उभं राहिलं आणि तिथे आजही छपाई चालते. पण पाण्यासाठी सिंधमधून आलेली माणसं चारशे वर्षांनी पुन्हा पाण्यासाठीच हलली, ही गोष्ट मी त्या फेब्रुवारीत ऐकली आणि ती माझ्या डोक्यातून जाईना.

तिथे तीन आठवडे राहिले. एक ओढणी आणि दोन स्टोल केले. तिन्ही सुंदर झाले. भाई कापड उन्हात धरून म्हणाले, ‘सरस छे, बेन.’ हौदावर कापड विसळणाऱ्या पोरांकडे मी तासन्‌तास बघत बसायचे. त्या कामाला ते ‘विछारणू’ म्हणतात. हा शब्द ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. आपलं विसळणंच की! माझ्यासाठी एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. मी उठून दुसरीकडे गेले की कुणीतरी ती उचलून माझ्यामागे आणायचं. दर अर्ध्या तासानं बशीत ओतलेला चहा यायचा. पाहुणचाराला कच्छी माणूस कमी पडत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं, ते खरं आहे.

पुण्याला परत आले. ड्राय बाल्कनीत शेगडी मांडली, स्टीलचं मोठं पातेलं आणलं, रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून दीड किलो हिरडा आणि मंजिष्ठा आणली, भाईंनी दिलेले दोन ठसे बाहेर काढले. पहिलं कापड तपकिरी झालं. दुसरंही. तिसऱ्याला तुरटी वाढवली, चौथ्याला कमी केली, पाचव्याला चुना ताजा घेतला. लाल म्हणून जे यायचं ते भाजक्या विटेच्या पावडरीसारखं, आणि पांढऱ्या रेघा धुरकट. जणू कापड चुलीजवळ टांगून ठेवलं होतं.

मला धमडका आठवलं. आणि त्याच दिवशी मी म्हणाले, पुण्याचं पाणीच वाईट.

नवरा आयुष्यभर पंपांच्या कारखान्यात होता. तो पेपर खाली न ठेवता म्हणाला, ‘तपासून घेतलंस का?’ मी म्हटलं, ‘टीडीएस बघितलाय.’ बघितला होताच. आमच्याकडे ती पेनासारखी यंत्रं असतात ना, पाण्यात बुडवायची, त्यानं. पण टीडीएसच्या आकड्यात सगळे क्षार एकत्र मोजले जातात, त्यात लोखंड किती हे वेगळं दिसत नाही. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तो काही बोलला नाही. तीस वर्षांच्या संसारात आम्ही असे बरेच प्रश्न पेपरमागे ठेवलेत.

पुढचं मी भराभर सांगते, कारण त्यात अभिमान वाटावं असं काही नाही. २०२३च्या फेब्रुवारीत पुन्हा गेले, या वेळी घर बघायला. भुजला लागूनच माधापर आहे. तिथे एकाहून एक बंगले कुलूप लावून पडलेले. मालक लंडनला, नाही तर नैरोबीला. ज्या गावातून माणसं तीन पिढ्या बाहेर पडतायत त्या गावात मी एकटी आत शिरू बघत होते. त्यातल्याच एका बंगल्याचा मागचा भाग भाड्यानं मिळत होता : दोन खोल्या, अंगण, पाण्याची टाकी. मी मे महिना राहून बघते म्हणाले. घरात सांगितलं, तेव्हा मुलगा बेंगळुरूहून म्हणाला, ‘आई, मस्त!’ मुलगे लांबून असंच म्हणतात. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. त्या म्हणाल्या, ‘आमच्या वेळी बायका पाण्याला कंटाळून माहेरी जायच्या. तू भुजला चाललीस.’ शेजारच्या काकूंनी विचारलं, की तिथे भाजी कशी मिळते. भिशीतल्या मैत्रिणींनी मात्र माझ्याकडे एका वेगळ्या नजरेनं पाहिलं, आणि ती नजर मला फार आवडली. ही नोंद महत्त्वाची आहे, म्हणून करून ठेवते.

मे महिन्यात कच्छ काय असतं, ते सांगून समजणार नाही. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. पहाटे पाचला काम सुरू, दहाला बंद. दुपारी पत्र्याखाली उभं राहिलं तर ठशाचा रंग ठशावरच वाळतो. मी रोज रिक्षानं अजरखपूरला जायची, दहाला परत, मग संध्याकाळपर्यंत त्या दोन खोल्यांत पंख्याकडे बघत. संध्याकाळी पलीकडच्या कुलूपबंद बंगल्यात कुणीतरी दिवा लावून जायचं, तेवढीच वर्दळ.

शेवटच्या आठवड्यात मी भाईंकडे विषय काढला. त्यांच्या शेडच्या मागे एक रिकामं गोडाऊन होतं. ते मी भाड्यानं घेतलं, तर त्यांच्या हौदाचं पाणी वापरू शकेन का, आणि त्याचे किती द्यावे लागतील? मी कर्जविभागातली बाई. मनात सगळा हिशोब मांडून गेले होते : भाडं, पाणी, मदतीला एक माणूस, ठसे, कापड. भाईंनी सगळं ऐकलं. नाही म्हणाले नाहीत. बोअरचं पाणी दरवर्षी कसं खाली जातंय, एवढं सांगितलं. मग विचारलं, ‘बेन, वर्षाला किती कापड करणार?’

हे मात्र मी मोजलं नव्हतं. मनातल्या मनात मोजलं. एक स्टोल दोन मीटर. वर्षाला दहा-बारा तर होतीलच. मी म्हणाले, ‘पंचवीस मीटर.’

ते हसले नाहीत. हौदाकडे बघून त्यांनी एकदम कामातल्या माणसाच्या आवाजात सांगितलं की, पंचवीस मीटर तर तिथे एका वेळी विसळतात. पोरं तेच करत होती. मग म्हणाले, ‘एवढ्यासाठी गोडाऊन कशाला?’ आणि पोरानं आणलेला चहा त्यांनी माझ्यापुढे केला.

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. मी मात्र त्या खुर्चीत इतकी ओशाळले, की एखादा थकबाकीदार माझ्यासमोर बसायचा ना, तशी. प्रकल्प अहवाल मोठा, उत्पादन शून्य. असे अर्ज मी दहा मिनिटांत बाजूला ठेवायची. हजारेक किलोमीटर घर हलवायचं ते एका हौदात मावेल एवढ्या कापडासाठी! आणि आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. सव्वा वर्षात तिथे माझ्या कुठल्याही कामात कुणी एकही चूक काढली नव्हती. माझं प्रत्येक कापड ‘सरस’ होतं. तिथला तेरा वर्षांचा मुलगा ठसा वाकडा मारतो, तेव्हा त्याला कापड टाकून द्यायला लावतात.

गाडीत परत येताना मी स्वतःला समजावत होते की, पाण्याचा मुद्दा तरी उरतोच. तिथलं पाणी चांगलं, आपलं वाईट.

आता मावशी. आमच्याकडे बारा वर्षं धुणं-भांड्याला येतात. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी, म्हणजे माझं पाचवं-सहावं कापड बिघडलं होतं तेव्हा, त्या ड्राय बाल्कनीत उभ्या राहून म्हणाल्या होत्या, ‘ताई, या नळाचं पाणी पांढऱ्याला नाही चालत. पिवळं पडतं. मी पांढऱ्याला बाथरूममधनंच बादली आणते.’ मी ‘हं’ म्हणाले होते.

‘हं.’ ज्या बाईला लोखंडानं रंग कसा बिघडतो याची इत्थंभूत माहिती होती, भूकंपानंतर धमडकाचं पाणी कसं बदललं हे जी चारचौघांत रंगवून सांगत होती, तिनं ते ऐकून घेतलं आणि ‘हं’ म्हणाली. ऐकलं नाही, असं मला म्हणता येणार नाही. नीट ऐकलं होतं. त्या क्षणी पोटात खड्डा पडल्याचंही आठवतंय. आमची इमारत १९८६ सालची. पाच वर्षांपूर्वी घराचे पाइप बदलले, तेव्हा ड्राय बाल्कनीचा चार फुटांचा तुकडा तसाच राहिला होता, कारण तिथल्या फरशा फोडायच्या नव्हत्या. तो निर्णयही माझाच.

पाण्यात लोखंड आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. हिरड्याची पूड चिमूटभर पेल्यात टाकली की कळतं. माझ्या घरात दीड किलो हिरडा होता. ती चिमूट मी टाकली नाही. आठ-नऊ महिने टाकली नाही.

टाकली ती जुलैमध्ये. पाऊस लागला होता, रात्रीचे साडेअकरा, घरात सगळे झोपलेले. दोन काचेचे पेले घेतले. एकात स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी, एकात बाल्कनीतल्या. दोन्हींत सारखीच पूड. स्वयंपाकघरातलं पिवळसर झालं, पातळ काढ्यासारखं. बाल्कनीतलं आधी तसंच दिसलं, आणि मला चक्क हायसं वाटलं. मग दोनेक मिनिटांत तळाकडून करडं होत गेलं, ढगाळ, जांभळट. मी ओट्याला टेकून उभी होते. शाळेत शाईची दौत विसळली की पहिलं पाणी कसं दिसायचं, तसं ते दिसत होतं.

तेच लोखंड. त्यांच्याकडे जमिनीतून आलं, माझ्याकडे चार फुटांच्या पाइपातून.

मग मी ती चिमूट इतके दिवस का टाकली नाही? याचं उत्तर मला अजून एका वाक्यात देता येत नाही. थोडं सासूबाईंच्या औषधांच्या वेळांत आहे. सकाळी सातची गोळी, नऊची गोळी, जेवणानंतरचे थेंब. मधल्या वेळात गॅस सिलिंडर, सोसायटीची सभा, नवऱ्याचं पथ्य. बँकेत माझ्या सहीशिवाय कागद हलत नव्हता. घरी आल्यावर लोक माझे स्टोल हातात घेऊन म्हणायचे, ‘छान टाइमपास आहे.’ त्या शब्दाचा मला संताप यायचा. आणि कुठेतरी मी असा हिशोब मांडला की, छंदासाठी कुणी गाव सोडत नाही. म्हणजे गाव सोडलं, तर तो छंद राहणार नाही. दुसरं काहीतरी होईल. काय, ते मला ठाऊक नव्हतं, पण भिशीतल्या मैत्रिणींच्या त्या नजरेत ते दिसायचं. घर सोडायला मला कारण हवं होतं, आणि गंजका पाइप तर नऊशे रुपयांत बदलून झाला. पाणी वाईट असणं माझ्या सोयीचं होतं.

याहून एक गोष्ट जास्त लागते. मी धमडकाची गोष्ट उसनी घेतली. त्यांची घरं पडली होती, माणसं गेली होती, चारशे वर्षांचा धंदा बुडायला आला होता. आणि मी ती गोष्ट भिशीत, बटाटेवड्यांबरोबर, माझ्या बाल्कनीच्या शेजारी आणून ठेवत होते. तेही पाण्यासाठी हलले, मीही पाण्यासाठी हलतेय! ऐकणाऱ्या माना डोलवायच्या.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. फरशा फुटल्या, दोन. नवऱ्यानं पाइपाचा तुकडा हातात घेऊन आत डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, ‘अर्धा बुजलाय.’ एवढंच म्हणाला. माझ्या माहेरच्या कुणी असतं तर एवढ्यावर थांबलं नसतं. मावशींना मी सांगितलं की, आता या नळाचं पाणी चांगलं आहे. त्या म्हणाल्या, ‘बरं.’ त्या अजूनही पांढऱ्याला बाथरूममधनंच बादली आणतात.

पाइप बदलला आणि लाल उठला, असं झालं असतं तर गोष्ट सोपी होती. पांढऱ्या रेघा स्वच्छ झाल्या, हे खरं. लाल मात्र फिकट आला, कोकमाच्या सरबतासारखा. तपकिरीपणा गेल्यावर खाली माझंच कच्चं काम दिसू लागलं. तुरटीचं माप चुकत होतं. मंजिष्ठा मी घाईनं उकळत होते. ती फार तापली की तिच्यातला पिवळा-तपकिरी भाग सुटतो, हळूहळू आच वाढवावी लागते. शिवाय मंजिष्ठेच्या लालला थोडा चुनखडीचा अंश असलेलं पाणी मानवतं, आणि आमचं नळाचं धरणाचं पाणी फारच मऊ. म्हणजे पुण्याच्या पाण्याबद्दल तक्रार करायचीच होती, तर ती उलट करायला हवी होती. आता चुन्याची निवळी चमचाभर घालते. कधी घसरतो, कधी उठतो. पहिला वर्षभराचा काळ पाण्यावर ढकलण्यात गेला नसता, तर हे सगळं तेव्हाच शिकले असते.

पुण्यात रंगाऱ्यांची काही कमी नव्हती, हेही मग आठवलं. भाऊसाहेब रंगारींचा गणपती दरवर्षी बघते, त्या नावातला रंगारी रंगवण्याच्या धंद्यावरून आलाय, हा विचार डोक्यात यायला साठी जवळ यावी लागली. भावसारांच्या घरांत छापायचं आणि रंगवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. पण मी त्यांचा वारसा चालवतेय वगैरे म्हणणार नाही. एकदा उसनवारी करून पाहिली, पुरे झाली.

भुजची ओढ गेली, असंही नाही. मे महिना सोडला तर आजही माधापरच्या त्या अंगणाची आठवण येते. रिकामं, तापलेलं, कुणाचंच औषध कुठल्याच वेळी नसलेलं अंगण. ती ओढ रंगाची नव्हती, एवढंच आता कळतं. म्हणून मी आठवड्यातले दोन दिवस सासूबाईंकडे बघायला एक मुलगी ठेवली. हे दीड वर्षापूर्वीच करता आलं असतं, भुजला न जाता. त्यांना ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त आवडते.

त्या पाइपाचा तुकडा मी फेकला नाही. प्लंबरकडून त्याचे चार तुकडे करून घेतले, बरणीत गूळ-पाणी घालून बुडवून ठेवले. तीन आठवड्यांत असा वास सुटला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. त्याचा काट केला, चिंचोक्याच्या पिठात शिजवला आणि एका स्टोलवर छापला. काळा दाट आला, एकसारखा.

तो स्टोल घेऊन या फेब्रुवारीत अजरखपूरला गेले, दहा दिवसांसाठी. मधल्या काळात, २०२४ साली, कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. त्यामुळे शेडमध्ये खरेदीदारांची ये-जा वाढलेली, भाई घाईत. त्यांना सगळं सांगितलं, बाल्कनी, हिरडा, मावशी, सगळं. भिशीत अजून सांगितलेलं नाही. त्यांनी काळ्यावरून बोट फिरवलं, म्हणाले, ‘काट चांगला झालाय. लोखंड कुठलं?’ मी सांगितल्यावर त्यांनी पलीकडच्या टेबलाकडे कच्छीत काहीतरी ओरडून सांगितलं आणि दोन-तीन माणसं खो खो हसली. मग त्यांनी कापड उलटं केलं, दारात जाऊन उन्हात धरलं आणि परत आणून माझ्यासमोर टेबलावर पसरलं.

‘इथे चुना पातळ आहे. रेघ फुटली. इथेही. इथे ठसा बसायच्या आधी उचललात. हा जोड चुकला. इथे डिंक कमी.’ त्यांचा अंगठा एकेका जागी टेकत पुढे जात होता. मी मोजत होते. अकरा जागा झाल्या. मग त्यांनी काठाचा एक अरुंद ठसा माझ्या हातात दिला, वाया गेलेल्या कापडाचा एक लांब पट्टा टेबलावर टाकला आणि म्हणाले, आज फक्त काठ मारा, दुसरं काही नको.

साडेबारापर्यंत मी काठ मारले. निळी खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावर कुणाचा तरी शर्ट वाळत होता.